खुळखुळा

औषधाची बाटली वाजू नये म्हणून तुम्ही कधी तिच्यात कापूस कोंबला आहे का?

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या देतात, त्या खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई तेच करत होती. मी शेजारी मैत्रिणीची वाट पाहत बसले होते. बाईने बाटली कानाशी नेऊन हलवली, आणखी कापूस घातला, पुन्हा हलवली.

“खुळखुळाच आहे गं मेला,” ती हसून म्हणाली. “नवऱ्याच्या कानावर गेला की मारतो. मागची बाटली त्याने मोरीत ओतली. महिनाभर गोळ्यांविना राहिले.”

“इथल्या ताईंना सांगितलंत?”

“सांगितलं की. म्हणाल्या, गोळी चुकवू नका.”

सल्ला बरोबरच होता. पण गोळी चुकवत कोण होतं? मी माझा रुमाल दिला, तिने तो बाटलीभोवती गुंडाळला आणि ती घरी गेली. त्याच घरी.

तिच्या गोळ्यांचा आवाज आता भिंतीपलीकडे जाणार नाही. माराचा जातो, आणि तो सगळ्या गल्लीला ऐकू येतो. तुम्हाला ऐकू आला, तर टीव्ही मोठा करू नका. उठा आणि ते दार वाजवा.