तात्पुरती म्हंजे काय?

"मण्यार साप चावलाय यांना," डॉक्टर म्हणाले. "टोसिस दिसतोय." टोसिस म्हणजे पापण्या आपोआप खाली येणं. मी तर पोट दुखतं म्हणून सकाळी दवाखान्यात आले होते. अंगावर दंशाची खूणही नव्हती. हा साप झोपेत चावतो, कळत नाही.

मी फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर अंगणवाडी चालवते. विषावरचं औषध सुरू करून मला यवतमाळला पाठवलं. वाटेत जीभ जड झाली, मग श्वास. तिथे घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. माझा श्वास आता यंत्र घेत होतं.

शरीर पार निपचित पडलं. बोट हलेना, डोळा उघडेना. पण आत मी जागी होते. सगळं ऐकू येत होतं.

"ही व्यवस्था तात्पुरती आहे," डॉक्टर माझ्या नवऱ्याला, किसनला म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सासूबाई घरी आमची बंजारा बोली, गोरबोलीच बोलतात. त्यांनी विचारलं, "तात्पुरती म्हंजे काय?"

सोबत आलेले किसनचे काका म्हणाले, "पाहुणे येऊन पाहेपर्यंत मशीन चालू ठेवते. मंग काढून टाकते. त्यापरीस घरी नेऊ. तांड्यावरच जाऊ दे जीव."

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिची हिरवी साडी पेटीत हाये. आणाले सांग कोणाले."

मी ओरडले. कुणालाच ऐकू गेलं नाही. यंत्र आपल्याच लयीत माझी छाती वर-खाली करत राहिलं. धापसुद्धा माझी मला टाकता येईना.

दुपारी किसन घरी नेण्याचं विचारायला गेला. डॉक्टर त्याच्यासोबतच आले. त्यांनी बोटांनी माझी पापणी उचलली. मला छत दिसलं आणि किसनची हनुवटी.

"ताई, ऐकू येतंय का? पायाचा अंगठा हलवा."

होता नव्हता तेवढा जीव मी अंगठ्यात नेला.

"हलला," सिस्टर म्हणाल्या.

"तात्पुरती म्हणजे विषाचा असर उतरेपर्यंत," डॉक्टरांनी किसनला सांगितलं. "चार दिवस, कदाचित दहा. त्या जाग्या आहेत. इथं जपून बोला."

किसन खाली बसला आणि माझा पाय धरून रडला.

सहाव्या दिवशी नळी निघाली. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमचं माणूस असं पडलं, तर त्याला नावानं हाक मारा, आज कोणता वार ते सांगा. आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर त्यांनाच विचारा.

घरी आल्यावर सासूबाई माझी वेणी घालत होत्या. "तुले आयकू येत होतं का वं, तवा?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा केसांतून फिरू लागला.