भिंतीचं पाणी

पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी सुगंधाच्या घराची उत्तरेची भिंत रोज सकाळी ओली. कपाट पुढे ओढलं तर मागे काळी बुरशी, आतल्या शालूला कुबट वास. सहा वर्षांच्या नातीचा, मेघालीचा, खोकला दिवाळीपासून हटत नव्हता.

सरावलीतल्या इमारतीत तळमजल्यावरचं हे दोन खोल्यांचं घर सुगंधानं एकटीच्या कमाईवर घेतलेलं. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन ती उमरोळीहून इथं आली, औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला लागली आणि एकवीस वर्षं तिथंच राबली. भिंतीवरचा एकेक डाग तिला स्वतःच्या अंगावर उठल्यासारखा वाटे.

तिनं दोष दिला वरच्या मजल्यावरच्या हेतलला. "तुझ्या न्हाणीचं पाणी झिरपतं खाली."

हेतल भांडली नाही. तिनं चार दिवस न्हाणीचा नळ बंद ठेवला. सगळं घर आंघोळीला बेटेगावला, तिच्या बहिणीकडे. भिंत ओलीच राहिली, तरी सुगंधा मानेना. "मुरलेलं पाणी काय चार दिवसांत सुकतं?" झालं, जिन्यात दोघींचं बोलणं बंद.

शेवटी भिंत फोडून पाइप बघायला मुलानं, केदारनं, नामदेव गवंड्याला आणलं. त्यानं हातोडी पिशवीतच ठेवली. भिंतीचा एक भाग पुसून पंख्यानं सुकवला आणि त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवला.

"दोन दिस हात लावू नका. पाणी भितीतलं असंल तर प्लास्टिकच्या मागं दिसंल. घरातल्या हवेतलं असंल तर वरनं."

तिसऱ्या सकाळी प्लास्टिकवर वरून थेंब होते. नामदेवनं ते सोलून काढलं. मागची भिंत कोरडी ठणठणीत.

"बाय, भित चांगली हाय. थंडीत ती गार पडते, न् घरातली वाफ तिच्यावर बसते. तुमी खिडक्या लावता, कपडे आत वाळवता, आंघोळीचं पाणी उघड्या पातेल्यात तापवता. वाफेनं जायाचं कुठं?"

सुगंधा खाटेवर टेकली. कंपनीत दमटपणाचा काटा वर गेला की गोळ्या खराब होतील म्हणून पॅकिंगची लाईन थांबवायला हीच लावायची. घरी मात्र कारखान्यांचा वास नको म्हणून संध्याकाळी लावलेल्या खिडक्या सकाळीही तशाच राहायच्या. लाज वाटली, पण भिंत फुटणार नाही या विचारानं छातीवरचा धोंडा उतरला होता.

ती तशीच वर गेली. "हेतल, पाणी तुझं नव्हतं. आमचंच होतं. मी उगाच बोलले तुला."

हेतलनं तिला आत बसवलं. मग म्हणाली, "मावशी, बहिणीच्या नळाला करंगळीएवढी धार. चार दिवस कसे न्हालो, आमचं आम्हाला ठाऊक." आणि हसायलाच लागली. चहा झाल्यावर गच्चीवरची आपली अर्धी दोरी तिनं सुगंधाच्या कपड्यांना देऊन टाकली.

कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलं. बुरशी घासून निघाली, पातेल्यांवर झाकणं आली, स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसला. सकाळी ऊन वर आलं की समोरासमोरच्या खिडक्या तासभर सताड उघड्या. संक्रांतीपर्यंत मेघालीचा खोकलाही गेला.

सुरुवातीला सुगंधा उठल्या उठल्या भिंतीला तळवा लावून बघायची. मग एक दिवस जेवायला बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, आज भिंत बघायची राहूनच गेली. ती उठली नाही. भात कालवून घेतला.