शेवटच्या दोनशे मीटरचं खापर

सगळं शहर त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. आठवडाभर त्या लोकांना मोटार चालवायला शिकवायच्या. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक, मांडीवर पाण्याची बाटली. शिकणारा घाबरून भर चौकात गाडी बंद पाडायचा, मागे हॉर्नचा गदारोळ उठायचा आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "वाजवू दे त्यांना, हात दुखले की थांबतील. तू पहिला गिअर टाक."

सुट्टीच्या दिवशी मात्र बाई सायकल शर्यतींच्या पंच असायच्या. तरुणपणी त्या स्वतः शर्यतीत उतरत. वेग बेताचा, चिकाटी दांडगी. एकदा अंतिम रेषेवर चार जणी एकमेकींवर आदळल्या आणि चूक कोणाची, हे ठरलं ते कोणाचा काका जास्त मोठ्यांदा ओरडला त्यावरून. त्या संध्याकाळी बाईंनी घरी येऊन आईला सांगितलं, "मला पंच व्हायचंय." आई म्हणाली, "आधी जेव." बाई जेवल्या आणि पुढे यथावकाश पंच झाल्या.

हळूहळू व्यावसायिक शर्यतींची बोलावणी येऊ लागली. त्यांच्या शहरात शेवटचा टप्पा संपणारी मोठी शर्यत आली, तेव्हा तीन पंचांत बाई होत्याच. घरात त्याचं कौतुक नवऱ्याला होतं. सासूबाईंना कौतुक होतं ते वेगळ्याच माणसाचं. त्याला सगळे 'तोफ' म्हणत. याच शहरातला पोरगा, शेवटच्या धावेत सुटला की कोणाच्या हाती लागायचा नाही. मोटार चालवायला तो बाईंकडेच शिकला होता. सासूबाई दूरदर्शनसमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि तो दिसला की पडद्याकडे बोट करून म्हणायच्या, "आला गं माझा बाळ."

त्या दुपारी बाई रेषेजवळच्या उंच मचाणावर बसल्या होत्या. घोळका आधी कानावर आला, मग दिसला. साखळ्यांची घरघर, लोखंडी कठड्यांवर हात बडवणारी माणसं, आणि मग वळणावरून एकदम रंगांचा लोंढा. तोफ रस्त्याच्या मधून निघाला. त्याच्या उजव्या हाताला, कठड्याच्या बाजूने, परक्या संघाचा 'लंबू' वर येत होता. चवळीच्या शेंगेसारखा उंच, अबोल माणूस. दोघांची डोकी खाली. तोफ सरकत सरकत उजवीकडे गेला. लंबूची वाट अरुंद झाली आणि मग संपलीच. त्याचं कोपर बाहेर आलं, खांदा कठड्याला घासला, पुढचं चाक कठड्याच्या बाहेर आलेल्या पायात अडकलं. सायकल हवेत उडाली. मागचे पाच-सहा जण त्याच्यावर कोसळले.

तोफेला काहीच कळलं नव्हतं. तो दोन्ही हात वर करून रेषा ओलांडून गेला. समोरच्या लोकांचे चेहरे बघितल्यावर त्याचे हात आपोआप खाली आले.

पंचांच्या तंबूत चित्रण लागायच्या आधीच बाहेर निकाल लागला होता. बाहेरच्या मोठ्या पडद्यावर दाखवलेल्या पहिल्या दृश्यात लंबूचं कोपर तेवढं ठळक दिसत होतं. "त्यानंच ढकललं! आपल्या पोराला ढोसायला गेला आणि स्वतःच पडला!" गर्दी बोंबलत होती. लंबूला त्या वेळी रुग्णवाहिकेत चढवत होते.

मुख्य पंचांनी वरून घेतलेलं दृश्य मागवलं. बाईंनी ते हळू चालवायला सांगितलं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही. तोफ पट्ट्याच्या डावीकडे होता, मग पट्ट्यावर आला, मग पलीकडे गेला. कोपर त्यानंतर बाहेर आलं. पडणारा माणूस आधार शोधतो, तसं.

"कोपर नंतर आलं," बाई म्हणाल्या.

"दिसतंय मलाही," मुख्य पंच म्हणाले. "बाहेर गर्दी केवढी आहे, बघितलीत ना?"

"गर्दीनं पट्टा थोडाच हलवलाय?"

तोफेचं पहिलं स्थान गेलं. नियमाप्रमाणे त्याला त्या घोळक्यात शेवटचा धरलं. त्याच्या संघाचा व्यवस्थापक तंबूत घुसून थयथयाट करू लागला. बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला आणि चित्रण पुन्हा सुरुवातीपासून लावलं. ते संपेपर्यंत तो उभा राहिला, आणि मग निघून गेला.

घरी सासूबाईंनी अबोला धरला होता. भाजी वाढताना त्या भांड्याशीच बोलत होत्या. "माणसं आपल्याच माणसाचं बक्षीस काढून घेतात हो."

"आई, त्यानं दुसऱ्याची वाट बंद केली," बाई म्हणाल्या.

"मुद्दाम केली का?"

"नाही."

"मग?"

"मुद्दाम केली असती, तर त्याला शर्यतीतूनच काढलं असतं. म्हणून नुसता शेवटचा धरला."

सासूबाईंनी यावर जरा विचार केला. पण अबोला मोडायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वारं फिरलं. वरून घेतलेलं दृश्य घरोघरी पोचलं होतं. लंबूचा जबडा मोडल्याची बातमी आली. कालपर्यंत तोफेला डोक्यावर घेणारेच आता त्याला मारेकरी म्हणत होते. त्याच्या बहिणीच्या केशकर्तनालयाच्या काचेवर कोणी तरी लाल रंग फेकला होता. बाई शिकवणीची गाडी घेऊन तिथून जात होत्या. बहीण बादली घेऊन काच घासताना दिसली. बाईंनी शिकणाऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरल्या, दुसरं फडकं उचललं आणि काच अर्धी साफ होईपर्यंत तिच्याबरोबर घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज दुपारी पत्रकार येणारेत. बघते मी."

पत्रकारांसमोर नेहमी मुख्य पंच बोलायचे. त्या दिवशी त्यांचं बोलून झाल्यावर बाईंनी माइक आपल्याकडे ओढला.

"त्यानं आपली सरळ वाट सोडली. त्याची शिक्षा त्याला काल मिळाली आणि ती कालच संपली. माणूस वेगात असतो, डोकं खाली असतं, सरकतो. ते चूकच, त्याबद्दल दुमत नाही. पण जबडा मोडला तो कठड्याच्या पायामुळे. ते पाय रस्त्यात आलेले होते. वळण संपल्या संपल्या रेषा आखली होती. ही जागा आयोजकांनी निवडली, आणि सकाळी फिरून आम्ही तिघांनी ती चालेल म्हणून सांगितलं. कोणाला रंग फेकायचाच असेल, तर माझी शिकवणीची गाडी दारात उभी असते. पांढरी आहे, छान दिसेल."

सभागृहात हशा पिकला. आयोजक तेवढे हसले नाहीत. तो हंगाम संपेपर्यंत बाईंना एकाही शर्यतीचं बोलावणं आलं नाही. नवरा चिडला, दोन-तीन ठिकाणी फोन करतो म्हणाला. बाईंनी त्याला थांबवलं. "मी खरं बोलले, ते त्यांच्या घशात अडकलंय. उतरेल."

गाडीवर रंग कोणी टाकला नाही. पत्रकारांसमोर बोलल्या त्याच आठवड्यात तोफ मात्र बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनीच दार उघडलं आणि त्याला बघून त्यांचा अबोला विरघळला. त्या पाणी आणायला धावल्या.

"बाई, दवाखान्यात जाऊ का?" तोफेनं विचारलं. "सगळे म्हणतात, जाऊ नकोस. गेलास तर मुद्दाम केलं असं कबूल केल्यासारखं होईल."

"तू कशाला जाणार? त्याला बरं वाटावं म्हणून, की तुला?"

त्यानं सासूबाईंनी आणलेलं पाणी एका दमात संपवलं. मग म्हणाला, "खरं सांगू? मला."

"हरकत नाही. पण तिथं रडत बसू नकोस. आजारी माणसाला पाहुण्याची समजूत काढायला लावायची नाही."

तो गेला. लंबूचा जबडा तारांनी बांधलेला होता, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. एरवीही तो फारसा बोलला नसता. तोफ पलंगाजवळ उभा राहून अडखळत माफी मागत होता. लंबूनं ती पुरी ऐकली. मग त्याला खुणेनं जवळ बोलावलं आणि चांगलं ताकद लावून त्याच्या बरगडीत कोपर मारलं. तोफ कळवळून वाकला. लंबूचे डोळे हसत होते. परिचारिकेनं दोघांनाही दटावलं.

पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा त्याच शहरात आली. रेषा नदीकाठच्या सरळ, रुंद रस्त्यावर आखली होती आणि नव्या कठड्यांचे पाय प्रेक्षकांच्या बाजूला वळवलेले होते. आयोजकांनी जागा पाहायला बाईंना आधीच बोलावलं. त्या सबंध रस्ता चालत गेल्या, दोन ठिकाणी बुटाची टाच आपटून पाहिली, एक खड्डा बुजवायला लावला आणि मग होकार दिला.

त्या दिवशी कोणी पडलं नाही. लंबू जिंकला, तोफ चाकाच्या अंतरानं दुसरा आला. सायकलवरून उतरला तो तडक तंबूत शिरला. घामानं निथळत होता.

"बाई, तो सरकला! माझी वाट अडवली त्यानं!"

बाईंनी पडदा त्याच्याकडे फिरवला. त्यानं एकदा पाहिलं, मग नाक पडद्याला टेकेल इतका वाकून पुन्हा पाहिलं. लंबू सुतासारखा सरळ गेला होता.

"माझेच पाय संपले," तोफ म्हणाला.

"संपले खरे. तो टॉवेल घे, थंडी वाजेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी निकाल जाहीर करायला सांगितला.