पाच जणांची पलटण

वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेचा निकाल दुसऱ्यांदा मनासारखा लागला नाही, आणि माझ्या मुलीने बेडरूमचं दार लोटून घेतलं. जून महिना होता. मुलुंडच्या आमच्या घरात बेडरूम एकच, ती तिला अभ्यासासाठी दिलेली. आम्ही नवराबायको हॉलमध्ये झोपतो. जेवायला ती बाहेर यायची. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’ एवढंच बोलायची. बिल्डिंगचा जिना मात्र ती त्या दिवसापासून उतरली नाही.

मी गप्प बसणारी बाई नाही. बँकेत माझ्या काउंटरसमोर लोक आवाज खाली करून बोलतात. पण त्या दारापुढे माझं काही चालेना. रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, तिच्या आवडीचे घावणे करून पाहिले. नवरा म्हणाला, “सोड ना तिला जरा.” सोडणार कशी? धरलेलीच नव्हती ती कुठे!

ऑगस्टमध्ये तिने एक खोका मागवला. आत राखाडी प्लास्टिकची दहा माणसं, तीही सुटी. हात वेगळे, मुंडकी वेगळी, ढाली वेगळ्या. चिमट्याने धरून ती एकेक जोडत बसायची. उभं केलेलं माणूस माझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडंसंच उंच. मग रंगकाम सुरू झालं. आधी काळ्या रंगाचा एक हात, त्यावर पातळ रंगाचे थर, बोटभर ब्रशने. मी दाराच्या फटीतून बघायचे. एका माणसाच्या पट्ट्याचं बक्कल रंगवायला तिने अख्खी दुपार घेतली. माझ्या मनात आलं, एवढं लक्ष केमिस्ट्रीत दिलं असतंस तर! पण ते मी गिळलं. त्या वर्षात मी गिळलेलं ते बहुतेक एकमेव वाक्य.

एका रविवारी ती आपणहून बाहेर आली आणि म्हणाली, “आई, खेळतेस का? दुसरं माणूस लागतं.”

त्या क्षणी तिने मला दोरीवरून चालायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

डायनिंग टेबलावर तिने औषधांच्या खोक्यांची घरं आणि थर्माकोलच्या भिंती मांडल्या. पाच माणसं तिची, पाच माझी. तिची पाच रंगवून झालेली, माझी अजून राखाडीच. एका खेपेला एकानेच हलायचं, तेही सहा इंच. इंच मोजायला मी शिलाई मशीनच्या खणातली टेप आणली, तर तिच्या चेहऱ्यावर पुसटसं हसू आलं. मारायचं की नाही ते फासा ठरवणार, मार लागला की नाही तेही फासाच ठरवणार, आणि सोबतीचा पडला तर बाकीचे घाबरले का, हे ठरवायला पुन्हा फासा. टेबलाच्या मधोमध एक विहीर. शेवटी विहिरीजवळ ज्याची माणसं जास्त तो जिंकला. साठ पानांचं नियमांचं पुस्तक कुकरच्या शिट्ट्या मोजत मी दोनदा वाचलं. डोक्यात काही राहिलं नाही.

दर रविवारी मी हरायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिने टेप गुंडाळता गुंडाळता म्हटलं, “आई, तू सगळ्यांना भिंतीमागेच ठेवतेस. विहिरीकडे कोण जाणार?”

“पुढे गेले तर मरतील ना!”

“मरू दे ना यार. खेळ आहे तो.”

मला ते जमत नव्हतं. ती रागावली नाही. उलट पुढच्या वेळी तिने मला पहिली चाल दिली आणि माझा एक भालेवाला स्वतःच्या हाताने विहिरीपर्यंत नेऊन ठेवला. त्या दिवशी ती सलग वीस मिनिटं बोलली. कुणाची कुमक कुठून आणायची, एवढंच बोलली; पण मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी टेबलावरचा कचरा झटकत राहिले.

मग दिवाळी आली. आमच्या सोसायटीत मुलं गेटजवळ किल्ला करतात. दगड, विटा, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वर माती, गेरूचा हात आणि हिरवळीसाठी पेरलेले हळीव. मी भाजणी दळून आणत होते. किल्ल्यापाशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी नेहमीचं विचारलं, “काय करते हो हल्ली तुमची मुलगी? दिसत नाही कुठे.”

पाच महिने हा प्रश्न मी हसून टोलवत आले होते. त्या दिवशी माझं टाळकं फिरलं. मी वर गेले. मुलगी झोपली होती. रंगवलेली पाच माणसं ती ज्यात ठेवायची, तो टेबलावरचा डबा उचलला, खाली आले आणि झाकण उघडून वहिनींच्या पुढ्यात धरला.

“हे करते!”

वहिनी खरंच बघत राहिल्या. “अगं बाई, डोळेसुद्धा काढलेत!” मुलं धावली. त्यांचे बाजारातले मावळे या पाचांपुढे अगदीच ओबडधोबड दिसत होते. “काकू, ठेवू ना किल्ल्यावर, प्लीज!” मी कुणाला हात लावू दिला नाही. माझ्या हाताने मी पाचही जण बुरुजावर नीट ओळीने उभे केले. लोक थांबून बघायला लागले. मला इतकं बरं वाटलं, की चकल्या तळताना मी गुणगुणत होते.

तासाभराने ती उठून स्वयंपाकघरात आली. “आई, माझा डबा रिकामा का आहे?”

मी सांगितलं. अगदी कौतुकाने सांगितलं. ती खिडकीशी गेली, खाली बघितलं आणि तिथेच उभी राहिली. मीही वाकून पाहिलं. हळीव उगवावेत म्हणून मुलं वॉचमनचा पाइप घेऊन किल्ल्यावर पाणी मारत होती. बुरूज खचला होता.

गॅस बंद करून मी धावले. चिखलातून चार सापडले. पाचवा, ज्याच्या बक्कलावर तिची दुपार गेली होती, तो मिळेना. मी गुडघ्यांवर बसून माती चाचपली, मुलांवर ओरडले, मग ओरडतेय कुणावर हे कळून गप्प झाले. ओढणीत चौघांना घेऊन वर आले. रंगावर गेरू बसला होता. धनुष्यवाल्याचा हात तुटला होता.

तिने भांडावं असं मला वाटत होतं. भांडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिने वाटीत पाणी घेतलं, जुना टूथब्रश आणला आणि चौघांना हळूहळू घासायला लागली. मी समोर बसले. “नवीन मागवू या,” म्हणाले. “दोघी मिळून रंगवू,” म्हणाले. “तुझं कौतुक व्हावं म्हणून केलं गं,” असंही म्हणाले. हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

मान वर न करता ती म्हणाली, “मला उठवायचंस ना, आई. मी आले असते घेऊन खाली.”

एवढं बोलून तिने ओली माणसं डब्यात ठेवली, वाटीतलं गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. मला तिच्यामागून जायचं होतं. मी टेबलावर सांडलेलं लाल पाणी पुसत राहिले.