धरेल तो बोलणार नाही

वानखडे मॅडमनी माझं नाव विचारण्याआधी माझे हात हुंगले. मोताळ्याजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो आणि कौतुकानं टेबलावरचा टॅब्लेट उचलायला निघालो होतो. "चटणीचा वास येऊन राह्यला सर. धुऊन या," त्या म्हणाल्या. माझ्यामागे चौथीची पोरं तळहात पुढे करून रांगेत उभी होती. मी मुकाट्यानं हात धुतले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

टॅब्लेट इंग्रजी शिकण्यासाठी आलेले. आतली बाई प्रश्न विचारायची, पोरांनी उत्तर द्यायचं. टॅब्लेट मोजकेच, त्यामुळे एकेकाभोवती पोरांचं कोंडाळं. पण मॅडमचा नियम अजब होता. ज्याच्या हातात टॅब्लेट, त्यानं अवाक्षर काढायचं नाही. बोलायचं ते रिकाम्या हाताच्यांनी. मी ताजं ताजं प्रशिक्षण घेऊन आलेला. म्हटलं, "मॅडम, हे काही शास्त्राला धरून नाही."

"भाऊ, हातात खेळणं आलं का माणसाची वाचा बसते. तुमी मोबाईल पाह्यता तवा बायकोले उत्तर देता का?"

शास्त्र तिथंच आटोपलं.

त्यांचं स्वतःचं इंग्रजी बेताचंच होतं, आणि ते त्या सगळ्या गावाला सांगत. अडलं की पोरांच्या देखत टॅब्लेटला विचारायच्या, आणि त्यानं "ट्राय अगेन" म्हणून चूक काढली की त्याच्याशीच भांडायच्या. "थांब बे, जरा दम तं घेऊ दे म्हातारीले!" पोरं खो-खो हसायची. मॅडमच चुकतात म्हटल्यावर चुकायची भीती कुणाला राहणार? सगळा वर्ग बेधडक इंग्रजी फेकायचा. बरोबर किती हा प्रश्न वेगळा.

बोलत नव्हती ती एकटी पायल. घरी ती शेळ्यांना हाका घाले म्हणे, पण वर्गात ओठ शिवलेले. मॅडमचा नियम तिच्या भलताच पथ्यावर पडला. हात स्वच्छ घासून ती रोज सगळ्यांआधी यायची, टॅब्लेट छातीशी धरायची आणि तास संपेपर्यंत सुटका. मला ते बघवेना. म्हटलं, "मॅडम, ही तुम्हाला बनवते."

"हाव, मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "पण हिसकून घेतला तं पोट्टी शाळेतच येणार नाई. धरते तवा निदान आयकते तं."

मात्र त्यांना घोर लागला होता. वर्ष सरत आलं होतं आणि महिन्याअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. त्यांनी बोरं आणली, गोष्टी सांगितल्या, एकदा तर टॅब्लेट तिच्यावर रुसलाय असं सांगून पाहिलं. पायल नुसती हसायची. एके दुपारी खिचडीच्या पातेल्याजवळ बसून मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, एवढे पोट्टे शिकोले. पण हिचा आवाज आयकल्याबिगर घरी कशी जाऊ?" एरवी सगळ्यांची फिरकी घेणाऱ्या या बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा हरलेलं पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी नेमकी वीज गेली. आदल्या संध्याकाळपासून गावात लाईट नाही, टॅब्लेट सगळे बंद. मी म्हटलं, राहू द्या, निरोप समारंभाची तयारी करू. मॅडम ऐकतील तर शपथ! त्या सरळ पायलच्या कोंडाळ्यात सतरंजीवर बसल्या. पायलनं सवयीनं बंद टॅब्लेट धरलाच होता.

"आज मी बोलतो," मॅडम म्हणाल्या. "पण हा तं मेला. मले प्रश्न कोन विचारन?"

पायलनं टॅब्लेट तोंडासमोर धरला. मग त्या काळ्या पडद्यामागून आवाज आला. "व्हॉट इज युवर नेम?"

आवाज थेट टॅब्लेटमधल्या बाईचा. तीच लय, तोच शिष्ट हेल.  मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सावरून बसल्या आणि विद्यार्थिनीसारखं नाव सांगितलं.

"व्हेअर डू यू लिव्ह?"

तेही सांगितलं. वर्षभर मुक्यानं धरलेलं सगळं पोरगी ओळीनं विचारत होती, अडखळत नव्हती.

"व्हेअर आर यू गोइंग?"

मॅडम थांबल्या. तोंड उघडलं, मिटलं. "आय ॲम गोइंग होम म्हना ना मॅडम!" पोरं ओरडली.

"येते बे मले," मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. "पण तोंडातून निघूनच नाई राह्यलं."

पायलनं टॅब्लेट जरासा खाली केला. वरून मॅडमकडे पाहिलं. क्षणभर वाट बघितली आणि मग जराही दयामाया न दाखवता म्हणाली, "ट्राय अगेन."