सावडीबाहेर

कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेल्या बाईला तुम्ही कधी एखादं काम सांगितलं आहे का?

माझ्या आईला कुणी सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, डोक्यावर केस उगवू लागले आणि आम्ही तिला वाटूरजवळच्या आमच्या गावी आणलं. डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हातानं जड उचलू नका, बाकी हलकं काम करत जा. आईनं त्यातलं हलक्या कामाचंच वाक्य मनात धरलं. तिला सावडीत परत जायचं होतं.

सावड म्हणजे आज सगळ्याजणींनी मिळून एकीच्या रानात खुरपायचं, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, कामाची फेड कामानं. लग्न होऊन आली तेव्हापासून आई त्यात होती.

खुरपणीला बायका न बोलावता आमच्या रानात आल्या. सगळी कपाशी निंदून दिली. मला भरून आलं. आईनं विचारलं, "उद्या कुणाच्या रानात?"

बायका खुरपी गोळा करू लागल्या. मग चुलती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही घरीच राव्हा. तुमच्याकडून फेड घेतली तर पाप लागंल आम्हाला."

"उजवा हात धड हाय माझा."

"असू द्या. आता बिलकुल आराम करा."

"आराम सरणावर हायच की."

बायका हसल्या. फेड मात्र कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी आई खुरपं घेऊन गेलीच. दोन्ही बाजूच्या बायकांनी तिच्या वाट्याच्या ओळींची पातही पुढं पुढं निंदून टाकली. ती पोचायची तिथं तण उरलेलंच नसायचं. दुपारी ती परत आली.

मी चुलतीच्या दारात जाऊन भांडलो. लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांत वाचलेलं श्रम, हक्क, सन्मान सगळं तिला ऐकवलं. आईनं मला ओढून घरी आणलं.

"त्या वाईट न्हाईत," ती म्हणाली. "वाईट असत्या तर मीच भांडले असते."

पुढच्या खुरपणीला, फेड घेत न्हाई तर येऊ नका, म्हणत तिनं बायकांना बांधावरूनच परत पाठवलं. आता ती एकटी निंदते. एक टोक गाठेपर्यंत मागं तण वर आलेलं असतं. पलीकडच्या रानातून बायकांचं हसणं ऐकू आलं की तिचं खुरपं थांबतं.

तुमच्या गावात अशी कुणी परत आली असेल तर तिला डबा पाठवू नका. उद्या सकाळी तिच्या दारात जा आणि सांगा, आमच्या रानात माणूस कमी पडतंय, चला.