खुर्चीत मॅडम, समोर ओंकार

आमच्या कामात रिपोर्ट कुलपात ठेवायचे असतात. पण ते लिहायला शिकणाऱ्यांचे किस्सेही कुलपात ठेवा, असं कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे ते साठत जातात, आणि दोन मानसशास्त्रवाले जेवायला बसले की डब्याच्या आधी ते उघडतात.

पुण्याजवळ निगडीला प्राधिकरण वसाहतीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं सेंटर आहे. चाकणच्या कंपन्या बढतीआधी माणसं आमच्याकडे पाठवतात. आम्ही चाचण्या घेतो आणि त्यांच्या स्वभावाचा रिपोर्ट देतो. नव्या मानसशास्त्रज्ञांना हे शिकवणं माझ्याकडे. गेल्या वर्षी दोघं होती. मुग्धा लातूरची, लग्न होऊन चिंचवडला आलेली. ओंकार तळेगावचा, ताथवड्याला इंजिनिअरिंग करून मग मानसशास्त्राकडे वळलेला. वर्ष झालं की मी पत्रावर सही करते, म्हणजे हा माणूस आता एकट्यानं काम करायला मोकळा. ओंकारची चाकणच्या एका कंपनीत नोकरी ठरत आली होती आणि घोडं नेमकं त्या सहीवर अडलं होतं.

* * *

आमच्याकडचा पहिला नियम असा, की दुसऱ्याला चाचणी देण्याआधी ती स्वतः सोडवायची. ओंकारनं प्रश्नावली भराभर भरली. कधी खोटं बोललात? कधीच नाही. कुणाचा राग आला? छे. पाठीमागे कुणाबद्दल वाईट बोललात? शक्यच नाही.

असे प्रश्न मुद्दाम पेरलेले असतात. जो फारच चांगला निघतो, तो सापडतो!

मुग्धानं गुण मोजले आणि म्हणाली, "मॅडम, ह्याला रिपोर्ट नको, देव्हारा द्या."

ओंकार म्हणाला, "सवय आहे हो. आजवर सगळ्या इंटरव्ह्यूंत हेच सांगत आलो."

* * *

मुग्धाची पहिली केस एका कंपनीच्या पेंट शॉपमधली, म्हणजे गाड्या रंगवतात त्या विभागातली. शाईचे डाग दाखवून 'यात काय दिसतं?' असं विचारायची ती चाचणी. इतरांना त्यात फुलपाखरं दिसतात, राक्षस दिसतात. या गृहस्थांनी पहिला डाग उजेडात धरला, तिरका करून पाहिला आणि म्हणाले, "रंग ओघळलाय. रिवर्क." दुसराही रिवर्क. तिसरा थेट रिजेक्ट.

मुग्धानं रिपोर्टात लिहिलं, 'यांना जगात फक्त दोष दिसतात.'

मी विचारलं, "ते काम काय करतात?"

"इन्स्पेक्शन."

"मग पगार कशाचा मिळतो त्यांना?"

तिनं ते वाक्य खोडलं. तिच्या रिपोर्टचंही रिवर्क झालं.

* * *

प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, हे नव्यांना शिकवणं महाकठीण. शांतता त्यांनाच सहन होत नाही. मुग्धाला म्हटलं, घरी सराव कर.

सोमवारी ती जरा घुश्शातच आली. शनिवारी नवरा उशिरा आला, तर हिनं फक्त "कुठं होता?" एवढंच विचारलं आणि गप्प बसली. थोडा वेळ त्यानं पंख्याकडे पाहिलं, थोडा वेळ टीव्हीकडे. मग स्वतःहूनच सांगून टाकलं, की घरात कुणाला न विचारता मोटारसायकल बुक केली आहे.

"बघितलंस? पद्धत लागू पडते," मी म्हटलं. "मग काय केलंस?"

"मग मी गप्प बसले नाही."

* * *

आमचा आणखी एक नियम आहे. जे माणसाला तोंडावर सांगता येणार नाही, ते रिपोर्टात लिहायचं नाही. म्हणून मी खुर्चीत ती केस होऊन बसते आणि शिकाऊ माणूस मला रिपोर्ट वाचून दाखवतो. ओंकारची गाडी इथंच रुतायची. त्याला कडू बोलताच यायचं नाही. कारखान्यात असेंब्ली लाइनवर सगळ्यांच्या अंगावर धावून जाणाऱ्या एका सुपरवायझरबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'भावना मोकळेपणानं व्यक्त करतात.'

ते सुपरवायझर स्वतः ऐकायला आले, तेव्हा ओंकारनं इतकी वळणं घेतली, की त्यांनी टेबलावर हात आपटला.

"भाऊ, मी तापट आहे, एवढंच ना? घरचे रोज सांगतात. तू कशाला घाबरतोस?"

ओंकारला म्हटलं, सही गणपतीनंतर बघू. गणपती गेले, तेव्हा म्हटलं दिवाळीनंतर बघू. दिवाळीही झाली. कंपनीनं कळवलं, की महिनाअखेरपर्यंत थांबू, मग दुसरा माणूस घेऊ. ओंकार डबा अर्धा परत न्यायला लागला.

* * *

सहीआधी एक शेवटची प्रथा असते. शिकाऊ माणसानं माझीच चाचणी घ्यायची आणि जे दिसेल ते मला तोंडावर सांगायचं.

ओंकारनं चित्रं मांडली. चित्र बघून गोष्ट सांगायची असते. ही चित्रं मी वर्षानुवर्षं लोकांना दाखवत आलेली, त्यामुळे मी अगदी बेतानं, हसऱ्या गोष्टी सांगितल्या. मनात म्हटलं, बघू या पठ्ठ्या काय काढतो.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले. मुग्धा बाजूला. ओंकारनं कागद उचलला आणि परत खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"मॅडम, तुमच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी जायला निघालेलं असतं. कुणी शहरात, कुणी सासरी, कुणी गावाला. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, थांब, चहा घेऊन जा."

"बरं, मग?"

"शेवटी कुणीच जात नाही. गणपतीनंतर मी खरंच कच्चा होतो. दिवाळीनंतर नव्हतो. मला वाटतं, तुम्हाला आम्ही जायलाच नकोय."

मुग्धा खिडकीबाहेर बघायला लागली. मला आधी राग आला, मग फार भरून आलं. पोरगा तयार झाला होता.

मी पत्र पुढं ओढलं, सही केली, शिक्का मारला. ओंकारनं वाकून नमस्कार केला, पत्र जपून बॅगेत ठेवलं आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

"थांब रे," मी म्हटलं, "चहा घेऊन जा."

ओंकारनं मुकाट्यानं चपला काढल्या.